बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

आपल्या शाळेचा किंवा गावाचा संघ सामन्यामागून सामने हरू लागला, म्हणजे प्रेक्षकांचे मन प्रथम खट्टू होते आणि मग हळूहळू चिडू लागते. खेळाडूंच्या चुका मोजल्या जातात आणि शेवटी सारा दोष संघाला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या माथी येतो. हा प्रशिक्षक गेला, की यश चालत येईल, असे जो तो म्हणू लागतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ विसाव्या शतकाच्या आरंभी असाच वारंवार हरत होता. नऊ हंगामांपैकी सात हंगामांत त्याच्या पदरी विजयांपेक्षा पराभवच अधिक पडले. नवल असे, की या संघाचा प्रशिक्षक बास्केटबॉलविषयी अजाण नव्हता. तो खेळ मुळात त्यानेच निर्माण केला होता. त्या प्रशिक्षकाचे नाव डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, अल्माँट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. जेम्स जेमतेम नऊ वर्षांचा असताना विषमज्वराची साथ आली आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने त्याचे वडील व आई ही दोघेही दगावली. जेम्स, त्याची बहीण व धाकटा भाऊ ही तीन पोरकी मुले प्रथम आजीकडे व पुढे मामाकडे वाढली. पीटर मामा शेतकरी होता. तो मायाळू असला तरी शिस्तीचा कडक होता. ज्याचे काम त्याने करावे आणि ज्याची चूक त्याने निस्तरावी, अशी त्याची रीत होती.

या रीतीची एक आठवण सांगतात. एकदा हिवाळ्यात जेम्स घोड्यांची जोडी घेऊन निघाला होता. वाट लवकर संपावी म्हणून त्याने गोठलेल्या नदीवरून घोडे हाकले. मध्येच बर्फ फुटले व घोडे गार पाण्यात पडले. जेम्सने जिवाचा आटापिटा करून, ओढून, ढकलून कसेबसे त्यांना काठावर आणले. धापा टाकत त्याने मान वर केली, तो झाडांच्या आड पीटर मामा उभा! मामाने सारा प्रकार पाहिला होता. परंतु तो मदतीला धावला नव्हता. या संकटातून भाच्याने स्वतःच बाहेर पडावे, अशी त्याची इच्छा होती. हा धडा जेम्सच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढे तो स्वतः शिक्षक झाला, तेव्हा त्याच्या शिकवण्यातही या धड्याची छाया उमटली.

शाळा सुटली, की गावची मुले एक खेळ खेळत. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी, असा तो खेळ होता. एका मोठ्या खडकावर एक लहान दगड ठेवायचा, एका गड्याने त्याची राखण करायची आणि इतरांनी दुरून दगड मारून तो पाडायचा. जोराने सरळ फेकलेला दगड नेम चुकला की लांब जाई आणि तो आणायला धावणारा गडी पकडला जाई. तोच दगड जरा उंचावरून, कमानीसारखा अलगद फेकला, तर नेमही साधे आणि धोकाही टळे. हे मुलांना अनुभवाने कळले होते. या क्षुल्लक अनुभवाचे मोल किती मोठे आहे, हे जेम्सला पुढे बऱ्याच वर्षांनी उमगले.

मध्यंतरी जेम्सने शाळा सोडली व काही वर्षे जंगलात लाकूडतोड्याचे काम केले. तथापि शिक्षणावाचून आपले जिणे अपुरे आहे, हे ध्यानी येताच तो पुन्हा शाळेत बसला. १८८३ मध्ये त्याने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला. १८८७ मध्ये पदवी मिळवल्यावर धर्मोपदेशक होण्यासाठी त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभला. अभ्यासाबरोबर फुटबॉल, लॅक्रॉस व व्यायाम हे त्याचे छंद चालूच होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने मैदानावर धसमुसळे खेळ खेळावेत, हे त्या काळी पुष्कळांना रुचत नसे. एकदा फुटबॉल खेळताना त्याच्या संघातील एका गड्याचा तोल सुटला व त्याच्या तोंडून शिव्या बाहेर पडल्या; पण शेजारी नेस्मिथ आहे हे लक्षात येताच तो ओशाळला आणि त्याने क्षमा मागितली. नेस्मिथने त्याला एका शब्दाने टोकले नव्हते. जे काम व्यासपीठावरील प्रवचनाने होते, ते मैदानावरील नुसत्या सहवासानेही होऊ शकते, हे त्या दिवशी त्याला जाणवले. धर्मपीठावर उभे न राहता व्यायामशाळेतून तरुणांचे शील घडवावे, असा त्याने निश्चय केला. त्याच्या बहिणीला या निर्णयाचे फार दुःख झाले. परंतु तो ढळला नाही.

१८९० मध्ये नेस्मिथ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे गेले. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वाय. एम. सी. ए., या संस्थेचे प्रशिक्षण विद्यालय तेथे होते. पुढल्या वर्षी ते तेथेच शिक्षक झाले. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि मैदानी खेळ बंद होत. मग विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत कवायत करावी लागे. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या रोजच्या कवायतीला पार कंटाळला होता. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले. तेव्हा विभागप्रमुख डॉ. ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपवला आणि घरात, दिव्याच्या उजेडात खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत शोधण्यास सांगितले.

नेस्मिथ यांनी प्रथम फुटबॉल, लॅक्रॉस इत्यादी ठाऊक असलेले खेळ घरात आणून पाहिले. चार भिंतींच्या आत त्या खेळांत गडी एकमेकांवर आदळत, खरचटत व चिडत. मुदत संपत आली. तेव्हा नेस्मिथ शांतपणे विचार करू लागले. खेळ दांडगा का होतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी त्याला पाडावे लागते, म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्यासच बंदी केली तर? ज्याच्या हाती चेंडू आहे त्याने उभ्या जागेवरून तो दुसऱ्याकडे फेकावा. आता राहिला गोल. तो उभा असला, की त्यावर जोराने चेंडू मारला जाणार. तोच आडवा केला व डोक्यापेक्षा उंच ठेवला तर? मग जोराचा काही उपयोग नाही. चेंडू कमानीसारखा अलगदच फेकला पाहिजे. या क्षणी त्यांना लहानपणीचा तो खडकावरचा दगड आठवला आणि कोडे सुटले.

त्यांनी विद्यालयाच्या सेवकाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या मात्र होत्या. नेस्मिथ यांनी त्या सज्जाच्या कठड्याला दोन्ही टोकांस ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता; म्हणून बास्केटबॉलच्या कडीची उंची आजही दहा फूटच आहे. तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले गेले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ करून पहिला खेळ झाला. त्या साऱ्या खेळात चेंडू टोपलीत एकदाच पडला. तो काढावा कसा, याचा विचार आधी कोणीच केला नव्हता! पण कवायतीला कंटाळलेली मुले आनंदाने घामाघूम झाली होती. या खेळाला शिक्षकांचेच नाव द्यावे, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. नेस्मिथ यांनी ते हसण्यावारी नेले आणि टोपली व चेंडू यांवरून खेळाला बास्केटबॉल हे नाव मिळाले.

हा खेळ वाय. एम. सी. ए. च्या शाखांमधून झपाट्याने देशोदेशी गेला. भारतातही तो याच संस्थेने आणला. स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तेथे तयार झालेल्या शिक्षकांनी इतर खेळांबरोबर बास्केटबॉलही गावोगावी नेला. मुंबईत नागपाड्याची वस्ती तर या खेळासाठीच नावाजली.

खेळ वाढला, तसा त्याचा प्रेक्षकही वाढला आणि प्रेक्षकाबरोबर त्याचा आवेशही आला. सज्जात बसलेले लोक आपल्या संघाला जय मिळावा म्हणून कठड्यावरून हात खाली घालत आणि प्रतिपक्षाचा चेंडू टोपलीबाहेर ढकलून देत. त्यांना आवरण्यासाठी टोपलीच्या मागे फळी बसवावी लागली. आज ज्या फळीवर आपटून चेंडू कडीत पडतो, ती मुळात खेळाडूंसाठी नव्हे, तर अनावर झालेल्या प्रेक्षकांसाठी आली. कित्येक ठिकाणी तर मैदानाभोवती जाळीचा पिंजराच उभारावा लागला. भांडणे मिटवण्यासाठी निर्माण केलेल्या खेळातच भांडणे शिरू लागली होती.

१८९५ मध्ये नेस्मिथ डेन्व्हर येथे गेले. दिवसा व्यायामशाळेचे काम करीत त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांना लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात बोलावणे आले. बास्केटबॉल शिकवण्यासाठी मात्र हे बोलावणे नव्हते. विद्यार्थ्यांची दैनंदिन प्रार्थना चालवणारा व त्यांना व्यायाम शिकवणारा माणूस विद्यापीठाला हवा होता. नेस्मिथ तेथे आले, त्यांच्यामागोमाग त्यांचा खेळही आला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी विद्यापीठाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वाय. एम. सी. ए. संघाशी झाला. बास्केटबॉलच्या जनकाचा संघ १६ विरुद्ध ५ गुणांनी हरला.

तो हंगाम संपला तेव्हा ७ विजय व ४ पराभव, असा हिशेब होता. विद्यार्थ्यांच्या आशा साहजिकच उंचावल्या असतील. परंतु पुढल्या हंगामात विजय ३ व पराभव ४, त्यापुढल्या हंगामात विजय ४ व पराभव ८. अशी सहा वर्षे गेली. पराभवांचे पारडे जडच राहिले. १९०५-०६ च्या हंगामात संघाने १२ सामने जिंकले, तेव्हा आता दिवस पालटले असे वाटले. पण दुसऱ्याच वर्षी पुन्हा ७ विजय व ८ पराभव! १९०७ मध्ये शेजारच्या मिझुरी विद्यापीठाशी पहिलाच सामना झाला आणि तोही कॅन्ससने गमावला. शेजारच्या गावाकडून हरणे किती झोंबते, हे कोणत्याही गावच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. नऊ हंगामांची एकूण बेरीज ५५ विजय व ६० पराभव अशी झाली.

असे का व्हावे? काही कारणे परिस्थितीची होती. संघाला धड जागा नव्हती. एका इमारतीच्या तळघरात, ठेंगण्या छताखाली व खांबांच्या मधून मुले सराव करीत. आसपासच्या महाविद्यालयांत संघ थोडे असल्याने वाय. एम. सी. ए. च्या मुरलेल्या गड्यांशीही त्यांना झुंजावे लागे. परंतु खरे कारण प्रशिक्षकाच्या विचारात होते. सामना जिंकण्यासाठी मुलांना डावपेच शिकवावेत, असे नेस्मिथ यांना वाटतच नसे. हा खेळ खेळायचा असतो, तो पढवायचा नसतो, अशी त्यांची धारणा होती. मैदानावरील अडचण मुलांनी आपल्या बुद्धीने सोडवावी, असे ते मानीत. गोठलेल्या नदीकाठी झाडाआड उभा राहिलेला पीटर मामा जणू त्यांच्या अंगी उतरला होता. कित्येक सामन्यांत तर ते स्वतःच पंच होत. आपला संघ हरत असताना शिट्टी वाजवून आपल्याच गड्याची चूक दाखवणारा प्रशिक्षक पाहून प्रेक्षकांच्या जिवाची किती तगमग होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

प्रेक्षकांची ही तगमग अगदीच गैर होती, असे म्हणता येणार नाही. जो संघावर प्रेम करतो, त्यालाच पराभव बोचतो. शिवाय योग्य शिक्षणाने संघ जिंकू शकतो, हे लवकरच सिद्ध झाले; आणि ते नेस्मिथ यांच्याच एका शिष्याने केले. फॉरेस्ट अ‍ॅलन हा त्यांच्या संघातील तडफदार खेळाडू. शेजारच्या बेकर विद्यापीठाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथ यांना हसू आले. बास्केटबॉल ही काही प्रशिक्षक नेमण्याजोगी गोष्ट नव्हे, असे त्यांनी त्याला समजावले. अ‍ॅलनने ते ऐकले नाही. १९०७ मध्ये कॅन्ससच्या संघाची सूत्रे नेस्मिथ यांच्याकडून अ‍ॅलनकडे आली. पहिल्याच हंगामात त्याने १८ सामने जिंकले व ६ गमावले. दुसऱ्या हंगामात २५ जिंकले व केवळ ३ गमावले. पुढे १९१९ ते १९५६ अशी प्रदीर्घ वर्षे त्याने पुन्हा कॅन्ससचा संघ घडवला आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. कॅन्ससमधील त्याचे एकूण विजय ५९० भरले. बास्केटबॉल शिकवता येत नाही, हे नेस्मिथ यांचे मत चुकीचे ठरले होते.

अशा वेळी एखाद्याचे मन कडवट झाले असते. आपल्या खेळात आपलाच शिष्य आपल्या पुढे जावा, लोकांनी त्याचा जयजयकार करावा आणि आपली ओळख मात्र हरलेला प्रशिक्षक म्हणून उरावी, हे सोसणे सोपे नाही. नेस्मिथ यांनी ते सहजपणे सोसले. कारण विजयांच्या संख्येवर त्यांनी आपला मोठेपणा कधी तोललाच नव्हता. संघ सोडला तरी त्यांनी विद्यापीठ सोडले नाही. १९३७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे शारीरिक शिक्षण शिकवीत राहिले. नव्या विद्यार्थ्यांची शरीरे तपासावीत, दुबळ्यांना व्यायाम नेमून द्यावा, तलवारबाजी व कुस्ती शिकवावी आणि अडलेल्याला सल्ला द्यावा, यात त्यांचे दिवस जात. जगभर पसरलेल्या खेळापासून त्यांनी पैसा मिळवला नाही.

त्यांच्या शिकवण्याचे खरे मोल एका विद्यार्थ्याच्या कथेवरून कळते. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण कॅन्सस विद्यापीठात आला. त्याला बास्केटबॉलचे वेड होते. परंतु त्या काळी कृष्णवर्णीयांना विद्यापीठाच्या संघात प्रवेश नव्हता. मैदानाची दारे बंद असलेल्या या मुलाला वृद्ध नेस्मिथ यांनी जवळ केले, त्याच्याशी खेळाची चर्चा केली आणि शिक्षक होण्याची वाट त्याला दाखवली. हाच मॅक्लेंडन पुढे थोर प्रशिक्षक झाला आणि टेनेसी येथील आपल्या संघाला त्याने १९५७, १९५८ व १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. कॅन्ससच्या संघात ज्याला एक सामनाही खेळता आला नाही, तो नेस्मिथ यांचा शिष्य म्हणून अमर झाला. असे विजय गुणफलकावर दिसत नाहीत.

१९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. त्यासाठी अ‍ॅलननेच मोठी खटपट केली होती. आपल्या वृद्ध गुरूंना हा सोहळा पाहता यावा, म्हणून अमेरिकेतील प्रशिक्षकांनी पैसे गोळा केले आणि नेस्मिथ बर्लिनला गेले. एकवीस देशांचे संघ खेळले. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात व चिखलात झाला. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. एक संघ त्यांच्या कर्मभूमीचा, तर दुसरा जन्मभूमीचा! विजेत्यांना पदके देताना चौऱ्याहत्तर वर्षांच्या नेस्मिथ यांच्या डोळ्यांपुढे त्या दोन टोपल्या खचितच उभ्या राहिल्या असतील.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे डॉ. नेस्मिथ यांचे निधन झाले. स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्या नावाने बास्केटबॉलचे कीर्तिमंदिर उभे राहिले. ते तेरा नियम लिहिलेले दोन कागद २०१० मध्ये त्रेचाळीस लाखांहून अधिक डॉलरला विकले गेले. विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते घेतले आणि आज ते कॅन्सस विद्यापीठातच जतन केलेले आहेत.

त्या विद्यापीठाचे भव्य क्रीडागृह १९५५ मध्ये उघडले. त्याला अ‍ॅलनचे नाव दिले आहे. परंतु त्या क्रीडागृहात खेळाडू ज्या भूमीवर खेळतात, तिला जेम्स नेस्मिथ यांचे नाव आहे. कॅन्ससच्या सर्व प्रशिक्षकांत ज्यांचे पराभव विजयांहून अधिक, असे ते आजवर एकटेच आहेत. तरीही तेथे हजारो प्रेक्षक आपल्या संघाच्या जयासाठी कंठ सुकेपर्यंत ओरडतात, तेव्हा तो जय ज्या भूमीवर मिळतो, ती या हरलेल्या प्रशिक्षकाचीच असते.